एक मॅन पेज पुन्हा लिहिताना

गेल्या पावसाळ्यात एका छापखान्यातून मला फोन आला. जुन्या पुस्तकांच्या डीटीपी फाइली युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतात आणण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी ‘अक्षरबदल’ नावाची एक छोटी कमांड लिहिली होती आणि त्या छापखान्यात ती रोज वापरली जाते. तिथल्या मुद्रितशोधक बाईंनी कमांडचे मॅन पेज, म्हणजे ती कशी वापरायची हे सांगणारे यंत्रावरचे माहितीपान उघडले, त्यातले उदाहरण माउसने उचलून टर्मिनलमध्ये जसेच्या तसे चिकटवले, आणि कमांडने त्यांना ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर दिले. तेच उदाहरण माझ्या यंत्रावर विनातक्रार चालले. त्यांनी चिकटवलेली ओळ मी मागवून घेतली आणि तिचे एकेक अक्षर सुटे करून पाहिले, तेव्हा दोष सापडला. ऑप्शनच्या, म्हणजे कमांडला जादा सूचना देणाऱ्या, अक्षराआधीची आडवी रेघ कीबोर्डावरची नव्हती. ते युनिकोडमध्ये यू+२०१० या जागी असलेले संयोगचिन्ह होते. डोळ्यांना दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. कमांडला मात्र त्या चिन्हाने सुरू होणारा शब्द ऑप्शन वाटत नाही, म्हणून तिने तो फाइलचे नाव समजून शोधला.

दोष मी लिहिलेल्या मॅन पेजचा होता. तो दुरुस्त करायला बसलो आणि शेवटी ते पेज मुळापासून, वेगळ्या मॅक्रोंमध्ये (मॅक्रो म्हणजे छपाईच्या आज्ञांच्या जुडग्याला दिलेले नाव) पुन्हा लिहून काढले. त्या पंधरवड्यात जे उमगले ते इथे मांडतो आहे. मॅक्रोंची नावे फाइलमध्ये रोमन अक्षरांत असतात. या लेखात ती मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे ‘टीएच’ असे दिसेल तिथे टी आणि एच ही दोन रोमन अक्षरे समजावीत.

आधी त्या रेघेविषयी. मॅन पेज ही साधी मजकूर-फाइल दिसत असली तरी ती टायपसेटिंगच्या भाषेत लिहिलेली असते, आणि टायपसेटरच्या लेखी आडव्या रेघा अनेक आहेत. दोन शब्द जोडणारे संयोगचिन्ह वेगळे, गणितातले वजाचिन्ह वेगळे, वाक्य तोडणारे अपसारणचिन्ह वेगळे. या भाषेत नुसती रेघ टाइप केली की तिचा अर्थ संयोगचिन्ह असा होतो. कमांडच्या ऑप्शनआधीची रेघ हवी असेल तर तिच्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. मी तो कुठे दिला होता, कुठे विसरलो होतो. माझ्या यंत्रावर डेबियन हे लिनक्सचे वितरण आहे आणि मॅन पेज दाखवताना नुसत्या रेघेचेही साधे कीबोर्डावरचे चिन्हच उमटावे अशी तजवीज त्या वितरणाने करून ठेवली आहे, त्यामुळे माझी चूक मला कधी दिसलीच नाही. छापखान्यातल्या यंत्रावर दुसरे वितरण होते. तिथे फाइलमध्ये जे लिहिले होते तेच प्रामाणिकपणे पडद्यावर आले.

हा टायपसेटर मॅन पेजमध्ये कुठून शिरला हे समजून घेतल्याशिवाय मॅक्रोंचे स्वरूप कळत नाही. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम सॉल्टझर यांनी सीटीएसएस या प्रणालीसाठी रनऑफ हा प्रोग्राम लिहिला. ओळीच्या आरंभी पूर्णविराम असेल तर ती ओळ मजकूर नसून आज्ञा आहे, हा संकेत त्यात होता. साध्या लिखाणात ओळ सहसा पूर्णविरामाने सुरू होत नाही, म्हणून ते चिन्ह निवडणे शहाणपणाचे होते. बेल लॅब्जमध्ये तीच परंपरा ‘रॉफ’ या नावाने पुढे आली. १९७१ मध्ये तिथल्या पेटंट विभागातले टंकलेखक पेटंटचे अर्ज तयार करण्यासाठी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर रॉफ वापरू लागले. संशोधकांच्या गटाबाहेर युनिक्सचा झालेला हा पहिला खरा उपयोग. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर ही तारीख घातलेली युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीतल्या पानांची नाव, रूपरेषा, वर्णन, फाइली, हेही पाहा, बग ही मांडणी आजही जवळजवळ तशीच आहे. स्वतःच्या प्रोग्राममधले दोष त्याच्याच पानावर नोंदवण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढे तिथल्याच जो ओसाना यांनी एनरॉफ आणि टीरॉफ हे रॉफचे पुढचे अवतार लिहिले. टीरॉफ हा ग्राफिक सिस्टिम्स कंपनीच्या सीएटी या फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रासाठी होता. त्या यंत्रात एका वेळी फॉण्टांच्या चार फिल्मपट्ट्या बसत: साधे, तिरपे आणि ठळक अक्षर, आणि चौथी पट्टी विशेष चिन्हांची. मॅन पेजमध्ये आज आपल्याला साधे, ठळक आणि तिरपे एवढीच अक्षरे दिसतात, ती या यंत्राची आठवण आहे. ओसाना १९७७ मध्ये निवर्तले. त्यानंतर ब्रायन कर्निगन यांनी टीरॉफला त्या एका यंत्राच्या दावणीतून सोडवले. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर टीरॉफचा जो अवतार आहे तो ग्रॉफ जेम्स क्लार्क यांनी १९९० च्या सुमारास सी++ मध्ये नव्याने लिहिला.

टीरॉफच्या मूळ आज्ञा फार खालच्या पातळीच्या आहेत. इतका समास सोड, इतकी जागा वर सर, हा फॉण्ट लाव, अशा त्या आज्ञा. प्रत्येक पानावर त्या हाताने लिहायच्या म्हटले तर दोन पाने कधीच सारखी दिसणार नाहीत. म्हणून त्यांचे जुडगे करून त्याला एक नाव द्यायचे. ते नाव म्हणजे मॅक्रो. जुन्या टीरॉफमध्ये नावाला दोनच अक्षरांची मर्यादा होती, आणि मॅन पेजमधल्या मॅक्रोंची नावे इतकी तुटक का, याचे उत्तर तेवढेच आहे. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीसाठी डग मॅकलरॉय यांनी ‘मॅन’ हा मॅक्रोसंच तयार केला आणि तो आजही जगभर चालतो. मीही माझे पेज त्यातच लिहिले होते.

हा संच शिकायला एक दुपार पुरते. ‘टीएच’ ने पानाचा मथळा: कमांडचे नाव, विभागाचा क्रमांक, तारीख. विभाग १ म्हणजे कमांडी, २ म्हणजे सिस्टिम कॉल, ३ म्हणजे लायब्ररीतली फंक्शने, ५ म्हणजे फाइलींची रचना, ८ म्हणजे यंत्र सांभाळणाऱ्यांची साधने. ‘एसएच’ ने शीर्षक, ‘पीपी’ ने नवा परिच्छेद. ‘टीपी’ नंतरच्या ओळीवर ऑप्शन लिहायची आणि त्याखाली तिचे वर्णन, म्हणजे ते आत सरकून छापले जाते. ‘बी’ ने ठळक, ‘आय’ ने तिरपे. आणि ‘बीआर’, ‘आयआर’ अशी जोडनावे, जी शब्दांना आळीपाळीने दोन प्रकारची अक्षरे लावतात आणि त्यांच्यामधली मोकळी जागा गाळतात. दुसऱ्या पानाचा उल्लेख करताना कमांडचे नाव ठळक आणि त्याला चिकटून कंसातला विभाग-क्रमांक साधा असे हवे असते, ते ‘बीआर’ ने होते.

यात दोन जागा अशा आहेत जिथे नवखा माणूस हमखास अडखळतो आणि मीही अडखळलो. पहिली जागा नावाच्या शीर्षकाखालची. तिथे कमांडचे नाव, बॅकस्लॅशसह रेघ, आणि एका ओळीत वर्णन, याच क्रमाने मजकूर यावा लागतो, कारण ‘व्हॉटइज’ आणि ‘एप्रोपॉस’ या मॅन पेज शोधून देणाऱ्या कमांडींचा शोधसाठा त्या एकाच ओळीतून तयार होतो. मी तिथे हौसेने दोन वाक्ये लिहिली होती. पान छान दिसत होते, पण शोधून सापडत नव्हते. दुसरी जागा अधिक फसवी आहे. एका परिच्छेदात माझी एक ओळ नेमकी ‘.टीएक्सटी’ या फाइलींच्या शेपटाने सुरू झाली होती. ओळीच्या आरंभी पूर्णविराम, म्हणजे आज्ञा; त्या नावाचा मॅक्रो अस्तित्वात नाही, म्हणून ग्रॉफने ती अख्खी ओळ काहीही न बोलता सोडून दिली. एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीचेही हेच होते. अशा ओळीच्या तोंडाशी बॅकस्लॅश आणि अँपरसँड ही जोडी ठेवायची असते; ती छापली जात नाही, पण ओळीला मजकूर म्हणून वाचवते. माझे ते वाक्य पानावर वर्षभर अर्धेच होते आणि कोणी विचारले नाही, कारण उरलेल्या अर्ध्याचाही कसाबसा अर्थ लागत होता.

रेघांच्या दुरुस्तीसाठी पेज उघडले तेव्हा प्रत्येक रेघेसमोर थांबून मला ठरवावे लागले, की ही जोडशब्दातली रेघ आहे की ऑप्शनमधली. म्हणजे रेघ कशी दिसते याने भागत नव्हते. ती कशाची आहे हे सांगायला हवे होते. तेव्हा मला ‘एमडॉक’ ची आठवण झाली. हा दुसरा मॅक्रोसंच १९९० च्या सुमारास बर्कलीत सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी घडवला आणि बीएसडी या तिथल्या युनिक्सची सगळी मॅन पेजेस हळूहळू त्यात आली. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या तिघांची पाने आज त्यातच लिहिली जातात. मॅन-संचात मी सांगतो की हा शब्द ठळक छाप. एमडॉकमध्ये मी सांगतो की हा शब्द ऑप्शन आहे. तो कसा छापायचा ते मॅक्रो पाहून घेतो.

रूपरेषेच्या, म्हणजे कमांड कशी लिहायची ते दाखवणाऱ्या ओळीवरच फरक लख्ख दिसतो. ‘अक्षरबदल’ ला एफ ही ऐच्छिक ऑप्शन आहे आणि तिला फॉण्टचे नाव द्यायचे असते. मग हव्या तितक्या फाइली. मॅन-संचात हे लिहिताना चौकटी कंस साधा, रेघ व अक्षर ठळक, फॉण्टचा शब्द तिरपा, बंद होणारा कंस पुन्हा साधा, अशी कसरत ‘आरबी’ आणि ‘आयआर’ यांच्या साहाय्याने दोन-तीन ओळींत करावी लागते आणि एक मोकळी जागा चुकली की सगळे बिघडते. एमडॉकमध्ये ती एक ओळ होते: ‘ओपी एफएल एफ एआर फॉण्ट’. ओपी म्हणजे ऐच्छिक, एफएल म्हणजे ऑप्शन, एआर म्हणजे तिला द्यायचे मूल्य. कंस ओपी स्वतः घालतो. रेघ एफएल स्वतः घालतो, आणि ती योग्य रेघच घालतो. ज्या चुकीमुळे मी या वाटेला लागलो ती ऑप्शनच्या बाबतीत एमडॉकमध्ये करताच येत नाही, कारण तिथे रेघ मी टाइपच करत नाही.

पुढचे काम यांत्रिक असेल असे वाटले होते: जुन्या पानावरचा प्रत्येक ठळक शब्द घ्यायचा आणि त्याला योग्य मॅक्रो लावायचा. कमांडचे स्वतःचे नाव असेल तर एनएम, फाइलचा मार्ग असेल तर पीए, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारे, नाव असलेले मूल्य) असेल तर ईव्ही, दुसऱ्या पानाचा संदर्भ असेल तर एक्सआर, कमांडला द्यायचा ठरावीक शब्द असेल तर सीएम. पहिल्या पडद्यापर्यंत ते तसेच झाले. मग ‘टेबल’ हा शब्द आला आणि मी अडलो.

कोणत्या जुन्या फॉण्टातले कोणते अक्षर युनिकोडात कशाचे करायचे, याची सूची ज्या फाइलमध्ये असते तिला मी टेबल म्हणत होतो. ती फाइल कोणती हे सांगणाऱ्या ऑप्शनच्या मूल्यालाही मी टेबलच म्हणत होतो. आणि सेटिंगच्या फाइलमध्ये ‘टेबल’ याच शब्दाने सुरू होणारी एक ओळ लिहिता येत असे. तिन्ही शब्द माझ्या पानावर सारखेच ठळक होते. आता मात्र पहिल्याला पीए, दुसऱ्याला एआर आणि तिसऱ्याला सीएम लावणे भाग होते. त्यातले एक वाक्य होते, ‘टेबल नसेल तर कमांड थांबते’. यातला टेबल कोणता? मला सांगता येईना. कोड उघडून पाहिला. ऑप्शन दिलेली नसेल तर कमांड थांबत नाही, सोबत आलेली सूची वापरते. ऑप्शन दिली पण त्या नावाची फाइल जागेवर नसेल, तरच ती १ हा चूक झाल्याचा स्टेटस देऊन थांबते. माझे वाक्य एका अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने खोटे होते, आणि ठळक छपाईने तो फरक इतकी वर्षे झाकून ठेवला होता. आता त्या जागी दोन वाक्ये आहेत.

असे आणखी चार-पाच ठिकाणी झाले. प्रत्येक वेळी मॅक्रो निवडता येईना म्हणून मी कोडकडे गेलो आणि परत येऊन मॅक्रोआधी वाक्य बदलले.

हे काम करताना एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ज्या जुन्या फॉण्टांतला मजकूर ही कमांड सोडवते, त्यांचीही अडचण हीच आहे. त्या फॉण्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि मजकूर जसा दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. ‘किती’ लिहायचे तर पहिली वेलांटी कागदावर ‘क’ च्या डावीकडे दिसते, म्हणून फाइलमध्येही ती ‘क’ च्या आधी. रफार अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे दिसतो, म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम धरतात: आधी ‘क’, मग वेलांटी, आधी ‘र’, मग त्याला जोडलेले व्यंजन. ‘अक्षरबदल’ चे निम्मे कोड हे क्रम पालटण्यातच खर्ची पडले आहे. तो जुना मजकूर छापून उत्तम दिसतो, पण त्यात एखादा शब्द शोधता येत नाही आणि तो अकारविल्हे लावता येत नाही. दिसण्यापुरते साठवलेले लिखाण अर्थासह पुन्हा उभे करायला किती कष्ट पडतात हे ज्याला रोज दिसत होते, त्या मी स्वतःचे मॅन पेज मात्र केवळ दिसण्यापुरते लिहिले होते.

शोधण्याचा मुद्दा एमडॉकच्या बाजूने फार वजनदार आहे. क्रिस्टाप्स जोन्सन्स यांनी सुरू केलेला आणि आता इंगो श्वार्त्से सांभाळत असलेला ‘मॅनडॉक’ हा प्रोग्राम ग्रॉफशिवाय मॅन पेज दाखवतो. तो ओपनबीएसडीबरोबर येतो. अल्पाइन आणि व्हॉइड ही लिनक्स वितरणेही तोच वापरतात. त्याचा ‘एप्रोपॉस’ फक्त नाव आणि वर्णन शोधत नाही. ‘ईव्ही’, बरोबरचे चिन्ह आणि व्हेरिएबलचे नाव असे त्याला विचारले, तर ते नाव ज्या ज्या पानावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून नोंदले आहे तीच पाने तो काढून देतो. ते अक्षरसमूह वाक्यात सहज आले असतील ती पाने वगळतो. याच माहितीमुळे मॅनडॉकमध्ये पान वाचताना ते पडद्यावर दाखवणाऱ्या ‘लेस’ या प्रोग्रामला ‘:टी’ देऊन ऑप्शनचे अक्षर लिहिले की तिच्या वर्णनावर थेट पोहोचता येते. लांबलचक पानात एका ऑप्शनसाठी रेघ आणि अक्षर शोधत दहा चुकीच्या जागी थांबलेल्या प्रत्येकाला याची किंमत कळेल.

यावर जुन्या संचाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. मॅन-संच कोणत्याही युनिक्सवर चालतो. काही जुन्या व्यापारी युनिक्सांवर एमडॉक नव्हताच. लिनक्समधली बहुतांश पाने मॅन-संचातच आहेत, त्यामुळे मदत करणाऱ्यांना तोच येतो. पोर्टेबिलिटीचा, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालण्याचा, आक्षेप मॅनडॉकनेच बऱ्याच अंशी सोडवला आहे, कारण त्याला एमडॉकची फाइल देऊन मॅन-संचातली फाइल मागता येते. उलट दिशेने ते होत नाही, आणि का होत नाही हे माझ्या ‘टेबल’ वरून स्पष्ट आहे: ठळक शब्दावरून तो कशाचा आहे हे कोणता प्रोग्राम ओळखणार? मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहून त्यावरून मॅन पेज काढणाऱ्या साधनांबद्दलही मला हीच अडचण वाटते. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या पीओडीसारख्या साधनांनी हजारो उपयोगी पाने दिली आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण मार्कडाउनमध्ये दोन-दोन तारकाचिन्हांच्या मधे लिहिलेला शब्द ठळक होतो, त्यापलीकडे त्याच्याविषयी काही कळत नाही.

कोणत्याही संचात लिहा, पण मॅनडॉकची ‘लिंट’ तपासणी अवश्य चालवावी. ती प्रत्येक शंका ओळीच्या क्रमांकासह सांगते आणि ती किती गंभीर आहे तेही सांगते. मॅक्रोच्या ओळीत विरामचिन्हाआधी जागा सोडली नाही, संदर्भांचा क्रम चुकला, शीर्षकाला लागून परिच्छेदाचा मॅक्रो वायाच दिला, असे बारीकसारीक ती सगळे टिपते. तिचा सर्वांत वारंवार येणारा शेरा म्हणजे ‘नवे वाक्य, नवी ओळ’. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे हा सल्ला कर्निगन यांनी सत्तरच्या दशकातच दिला होता. बदल करताना एका वाक्याचा बदल एकाच ओळीत राहतो हा त्याचा एक फायदा. दुसरा असा की ओळीच्या शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह दिसले की ग्रॉफ वाक्य संपले असे समजतो आणि पुढे थोडी अधिक जागा सोडतो. ओळीच्या मधोमध आलेल्या, पुढे एकच मोकळी जागा असलेल्या पूर्णविरामावरून त्याला तसे ठरवता येत नाही.

इंग्रजी पेज तयार झाल्यावर मी मराठी पेज लिहायला घेतले, कारण ही कमांड वापरणारे जवळजवळ सगळेच मराठी आहेत. यंत्रावर त्यासाठी जागा आधीपासून आहे: मॅन पेजच्या फोल्डरात भाषेच्या दोन अक्षरी नावाचे, म्हणजे ‘एमआर’ असे फोल्डर केले आणि त्यात विभागाप्रमाणे फाइल ठेवली, की यंत्राची भाषा मराठी असलेल्या माणसाला तेच पान आधी दिसते. ग्रॉफ आतून आठ बिटांच्या अक्षरांवरच चालतो, म्हणून ‘प्रीकॉन्व्ह’ हा त्याचा सोबती आधी प्रत्येक देवनागरी चिन्हाचे युनिकोड क्रमांकात रूपांतर करून देतो. लिहिणाऱ्याला त्याचा त्रास नाही. वाक्य ओळखण्याचा नियमही आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो, कारण मराठीत दंड नसून पूर्णविराम आहे. फक्त ‘डॉ.’ किंवा ‘इ.’ ओळीच्या अखेरीस आले तर त्यानंतर ती न छापली जाणारी जोडी द्यावी, नाहीतर वाक्य तिथेच संपल्यासारखे दिसते. नावाचे शीर्षक मी इंग्रजीतच ठेवले, कारण शोधसाठा बनवणारी साधने ते शीर्षक नावानिशी शोधतात.

खरी अडचण विभक्तीच्या प्रत्ययांची निघाली. इंग्रजीत मॅक्रो लावलेला शब्द एकटा उभा राहतो. त्याच्यामागे पुढे जे यायचे ते सुटे येते. मराठीत ‘फाइलमध्ये’, ‘ऑप्शनने’, ‘टेबलला’ असे लिहायचे, म्हणजे अर्धा शब्द एआर आणि उरलेला साधा. सुदैवाने एमडॉकमध्ये ‘एनएस’ नावाचा एक मॅक्रो आहे. तो आधीचा शब्द आणि पुढचा मजकूर यांच्यातली जागा काढून टाकतो आणि पुढचा मजकूर साधा समजतो. ‘एआर टेबल एनएस मध्ये’ असे लिहिले की ‘टेबल’ तिरपा, ‘मध्ये’ साधा, आणि दोन्ही चिकटलेले. इंग्रजी पानात मला हा मॅक्रो जेमतेम तीनदा लागला होता. मराठी पानात तो जवळजवळ प्रत्येक वाक्यात आहे. त्याचा लाभ असा की शोधताना मूळ नाव प्रत्ययाविना शुद्ध राहते.

पण एनएसलाही सामान्यरूपापुढे हात टेकावे लागतात. मी आरंभी ‘टेबल’ ऐवजी ‘तक्ता’ हा शब्द घेतला होता, कारण तो मला अधिक जवळचा वाटतो. रूपरेषेत ‘तक्ता’ लिहिले आणि वर्णनात पहिल्याच वाक्यात ‘तक्त्यात’ आले. आता मॅक्रो कुठे संपवायचा? ‘तक्त्या’ ला एआर लावला तर रूपरेषेतल्या नावाशी तो जुळत नाही, आणि ‘तक्तामध्ये’ असे लिहायला माझा हात धजत नाही. दोन दिवस मी वाक्ये फिरवून पाहिली. ‘तक्ता या फाइलमध्ये’ असे प्रत्येक वेळी लिहून पाहिले, तर पान निम्म्याने वाढले. शेवटी नियम केला, की मूल्यांची नावे अशीच निवडायची ज्यांना प्रत्यय लागताना रूप बदलत नाही. फॉण्ट, टेबल, फाइल ही नावे त्या कसोटीला उतरली. ‘नमुना’, ‘रकाना’ आणि माझा ‘तक्ता’ गळाले. मसुदा छापखान्यातल्या त्या बाईंना वाचायला पाठवला. त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, उदाहरणाची ओळ पुन्हा माउसने उचलून चालवून पाहिली, आणि ‘तक्ता’ का काढला असे विचारले. मी कारण सांगितले, तेव्हा त्यांनी सुचवले की वर्णनाच्या पहिल्या वाक्यात एकदा ‘टेबल, म्हणजे अक्षरांचा तक्ता’ असे मॅक्रोशिवाय लिहावे. तसे लिहिले आहे.